पहिल्या मडक्यातलं धान्य

"आधी वास घे. मगे हात घाल," सासूबाई म्हणाल्या.

मी मडक्यावरचं फडकं बाजूला केलं आणि नाक आत खुपसलं. नाक खुपसण्याची माझी ख्याती तशीही माहेराहून माझ्यासोबतच सासरी आली होती. आत तांदळाची कणी, नाचणी आणि थोडं पोचट भात पाण्यात बुडून बसलं होतं. वर पांढुरका फेस आला होता आणि मधूनच एखादा बुडबुडा वर येऊन फुटत होता. वास थेट आंबोळीच्या पिठाचा.

"आंबलं," मी म्हणाले.

"आंबला मा? मगे ह्या आजचा. आता काढ."

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. माझं माहेर कराडकडचं आणि सासर सिंधुदुर्गातल्या एका आडगावात. नवरा कल्याणला एका कारखान्यात होता. खोली मिळेपर्यंत मी गावाला राहायचं ठरलं होतं, आणि खोली काही केल्या मिळत नव्हती. तेव्हा घरात सासूबाई, सासरे आणि मी अशी तीनच माणसं. सासूबाईंना मी आई म्हणायची आणि सासऱ्यांना आबा. त्यांचं मालवणी मला कळायला लागलं होतं, बोलायला मात्र जीभ वळत नव्हती. त्यामुळे मी बोलायचे थोडं आणि बघायचे फार.

बघण्यासारखी सगळ्यात नवलाची गोष्ट म्हणजे आईंनी चालवलेला कोंबड्यांचा स्वयंपाक. आमच्याकडे कोंबड्यांना कोण विचारतंय? मूठभर ज्वारी अंगणात फेकली की कोंबड्या जाणोत आणि त्यांचं नशीब जाणो. इथे मागच्या पडवीत ओळीनं तीन मडकी. दाराजवळचं मडकं पहिलं. त्यात संध्याकाळी धान्य भिजत घालायचं, वर दोन बोटं पाणी राहिलं पाहिजे, आणि जुन्या मडक्यातलं एक डाव आंबट पाणी विरजणासारखं ओतायचं. दुसऱ्या दिवशी ते मडकं चुलीकडे एक पाऊल सरकायचं. तिसऱ्या दिवशी अगदी चुलीशेजारी, उबेला. तिथं ते आंबून तयार झालं की कोंबड्यांच्या पुढ्यात.

"असं कुणी शिकवलं तुम्हाला?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"कोण शिकवतला? कौल गळला, पोता भिजला. फेकूक जीव होयना. घातलंय कोंबड्यांक. तर मेल्यो अशो तुटान पडल्यो, की दुसऱ्या दिवशी सुक्या धान्याकडे बघूक तयार नाय."

तेव्हापासून त्यांनी कधी सुकं धान्य टाकलंच नाही. आंबवलेलं कमी लागतं, कोंबड्यांची पोटं बिघडत नाहीत, खुराड्याला घाण वास येत नाही, असे त्याचे सगळे गुण त्यांना पाठ होते. अंड्यातला बलक तर असा लालसर यायचा, की पहिलं अंडं फोडल्यावर ते नासलंय समजून मी बाहेर टाकायला निघाले होते.

आबांना या सगळ्याची मोठी गंमत वाटायची. ते पुढच्या खळ्यात बसत. खळं म्हणजे तिथलं घरापुढचं सारवलेलं अंगण. तिथून ते ओरडून म्हणायचे, "शैला, तुज्या सासवेन इतक्या मनापासून आंबोळी माका कधी घातल्यान नाय हां!"

आई काही बोलायच्या नाहीत. त्या दोघांमधलं बोलणं एवढंच. आबा बोलायचे आणि ते आईंनी ऐकायचं. भांडण नव्हतं, तंटा नव्हता. आबा वाईट नव्हते. फक्त काय पेरायचं, कधी कापायचं, लेकाचं लग्न कुठे करायचं, हे ते ठरवायचे आणि मग घरात येऊन सांगायचे. त्यांनी मागच्या पडवीत पाऊल टाकलेलं मी तरी बघितलं नव्हतं. ते आईंचं राज्य.

त्या वर्षी माघात मनोहर, म्हणजे माझा नवरा, चिठ्ठीचपाटी न पाठवता स्वतःच आला. कल्याणला दोन खोल्यांची जागा मिळाली होती. मला उड्या माराव्याशा वाटल्या. पण त्यानं बेत आणला होता तो चौघांचा. आबा पावसात चिखलात घसरून पडले होते, गुडघा अजून सुजायचा. दोघं म्हातारी एकटी नकोत, घर बंद करायचं आणि शिमगा झाला की सगळ्यांनी निघायचं.

आबा ऐकत होते. सुपारीचं खांड तोंडात टाकून त्यांनी एवढंच म्हटलं, "बरा. येतंव."

झालं. शब्द दिला. आबांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, हे मला घरात आल्या आल्या सांगण्यात आलं होतं. आई तेव्हा दारात उभ्या होत्या. त्यांनी पदर खोचला आणि आत गेल्या.

मी त्यांच्या मागोमाग गेले. त्या पहिल्या मडक्यात संध्याकाळचं धान्य भिजत घालत होत्या. रोजच्यासारखंच, ना कमी ना जास्त.

"आई, जायचं ना आपण कल्याणला?" मी माझ्याच आनंदात होते.

"जातलो. ठरला मा तेंचा," त्या म्हणाल्या आणि पाणी ओतलं. दोन बोटं भरतील इतकंच.

"आणि कोंबड्या?"

आईंचा डाव पाण्यात फिरायचा थांबला. मग पुन्हा फिरायला लागला. "देतलंय कोणाक तरी," त्या म्हणाल्या. आणि जरा वेळानं, "कोणाक देव? तिनय मडकी लावणारा कोण आसा हय? सुक्याच घालतले."

त्यांचा आवाज असा कोरडा झाला की माझा कल्याणचा आनंद तिथल्या तिथे अर्धा झाला. त्यांना जायचं नव्हतं. ते आंधळ्यालाही दिसलं असतं. पण मलाही त्या दोन खोल्या हव्या होत्या, आणि सासू-सासऱ्यांच्या मध्ये तोंड घालणारी सून कुठल्या गावात शोभते?

निघायच्या आधी राखण द्यायची होती. आमच्या कुंपणाच्या कोपऱ्यात, एका जुन्या सातविणीच्या बुंध्याशी, जांभ्या दगडाचा एक चिरा होता. तो आमच्या जागेचा राखणदार. त्याला वर्षातून एकदा नारळ आणि कोंबडा द्यायचा, एरवी त्याच्या वाटेला जायचं नाही. त्या वर्षी त्याला जास्तीचं एक सांगणं होतं, की घराचं दार बंद होणार आहे, आम्हाला जाऊ दे आणि मागे लक्ष ठेव.

कोंबडा ठरलेला होता. लालभडक, मानेवर सोनेरी पिसांचा, आणि स्वभावानं अगदी गावगुंड. मी पायात चप्पल घातल्याशिवाय त्याच्यासमोर जायची नाही. राखणीच्या आदल्या दिवशी सकाळी मी त्याच्यावर एक प्रयोगही केला होता. दोन करवंट्या घेतल्या, एकीत सुके तांदूळ, दुसरीत आंबवलेलं धान्य. त्यानं सुक्या तांदळाकडे एक डोळा वळवला, मान झटकली आणि दुसऱ्या करवंटीत चोच घातली. मी ही गंमत आईंना सांगितली. त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. "लाडावलो हा मेलो."

संध्याकाळी आबांनी त्याला पकडून खळ्याच्या कडेला मोठ्या टोपलीखाली झाकलं आणि वर दगड ठेवला. राखणीचा कोंबडा आदल्या संध्याकाळपासून उपाशी ठेवायचा, हा नियम. का, ते मला कुणी सांगितलं नाही. आणि घरातल्या थोरल्या बाईनंही सकाळी राखण होईपर्यंत काही खायचं नाही, हा दुसरा नियम. त्याचं का, तर माझ्या मते कोंबड्याला सोबत.

सकाळी भिवा घाडी आला. गावातली सगळी गाऱ्हाणी, म्हणजे देवापुढची मागणी, घाडी म्हणून तोच घालायचा. पुरुष कुंपणाच्या कोपऱ्यात चिऱ्यासमोर उभे राहिले, आणि आई आणि मी खळ्यातून हात जोडून. बायकांनी राखणदारापुढे जायचं नसतं. पण भिवाचा आवाज असा खणखणीत, की कल्याणलाही ऐकू गेला असता.

"बा देवा राखणदारा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" आबा आणि मनोहर म्हणाले.

"आज ह्या पालवांच्या घरान वर्साप्रमाणा तुज्या पायाकडे नारळ आणि कोंबो ठेवल्यान हा, तो मान्य करून घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ही माणसा आता कल्याणाक जातत. घराचा दार बंद होतला. जातत त्या वाटेर तेंची राखण कर, मागे रवता त्या घरार नजर ठेव, काय चुकला-माकला आसात ता पदरात घे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग भिवानं चिऱ्यासमोर चिमूटभर तांदूळ टाकले आणि मनोहरनं कोंबड्याला दोन्ही हातांत धरून त्यांच्यापुढे आणलं. कोंबड्यानं तांदूळ टिपले की देवाला मान्य. मग पुढचं.

कोंबड्यानं तांदळाकडे बघितलं. मग आभाळाकडे बघितलं. मग भिवाकडे.

"वाईच खाली धर," भिवा म्हणाला. मनोहरनं त्याची चोच जवळजवळ तांदळावर टेकवली. कोंबड्यानं मान उचलली. दुसऱ्यांदा गाऱ्हाणं झालं, नवे तांदूळ पडले. कोंबडा ढिम्म.

माझ्या पोटात हसू दाटायला लागलं होतं. मला कारण माहीत होतं ना! लाडावलेला मेला. याला आंबोळी पाहिजे, आणि तुम्ही त्याच्यापुढे सुके तांदूळ टाकताय. मी आईंच्या कानाशी लागणार, तेवढ्यात त्यांच्याकडे बघितलं आणि तोंड मिटलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

कोपऱ्यात आता कुणी हलत नव्हतं. भिवानं डोक्याचं फडकं काढलं, पुन्हा बांधलं आणि आबांकडे वळला. आबांचं नाव सगुण.

"सगुणा, कोंबो तांदूळ घेना नाय. घरात कोणाचा तरी मन मोडलेला आसा. कोणाक तरी इचारूचा रवला हा. सांग, सगळ्यांक इचारलंस मा?"

हा तिथला रिवाज. कोंबडा अडला की घाडीनं घरातल्या एकेका माणसाला विचारायचं, आणि तेव्हा देवासमोर खोटं बोलायचं नाही. मला तो माहीत नव्हता. मनोहरला होता. तो घाईघाईनं म्हणाला, "माजा काय नाय. मीच तर नेतंय सगळ्यांक."

"आणि सगुणा तुजा?"

आबांनी घसा खाकरला. "मी शबूद दिलंय. माजा काय नाय."

"आणि घरवालीक इचारलंस?"

आबा खाली बघत राहिले. मग तिघंही मान वळवून खळ्याकडे बघायला लागले आणि माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आईंनी माझा हात घट्ट पकडला.

"वयनी," भिवानं तिथूनच हाक घातली, "तुका काय वाटता ता सांग. देव इचारता हा."

आई काहीतरी पुटपुटल्या. मलाही नीट ऐकू आलं नाही.

"मोठ्यान सांग. हय ऐकाक येवक होया."

"माका जावचा नाय," आई म्हणाल्या. मग कुणी तरी आतून ढकलल्यासारखा त्यांचा आवाज एकदम वर चढला. "माका जावचा नाय कल्याणाक! थय सकाळी उठान मी कोणाक हाक मारू? हयसर कोणतरी माजी वाट बघता. दार उघडलंय काय धावत येतत. थय माजी वाट कोण बघतला? दोन खोल्यांत मी खय बसू? माका माज्या घरात रवूचा आसा."

एवढं बोलून त्यांनी माझा हात सोडला. मनोहर कोंबडा हातात धरून तसाच उभा. "आये, मगे आधी सांगाक काय झाला होता?" तो म्हणाला. रागानं नाही, खरंच न कळून.

"कोणी इचारूक नाय," आई म्हणाल्या.

भिवानं आबांकडे बघितलं. आबांनी मान हलवली, होय म्हणून. दगडावरची रेघ अशी एका मान हलवण्यात पुसली जाईल, असं मला वाटलं नव्हतं. भिवा पुन्हा चिऱ्याकडे वळला.

"बा देवा म्हाराजा! झील आणि सून पोटापाण्याक जातत, तेंची वाट सांभाळ. म्हातारा-म्हातारी हयसर रवतली, घराचा दार उघडा रवतला, तेंच्या पाठीशी उभो रव रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" या वेळी मनोहरचा आवाज जरा चिरकला.

नारळ फुटला. त्याचं पाणी चिऱ्यावर आणि खालच्या तांदळावर सांडलं. कोंबड्यानं मान वाकडी करून त्या ओल्या तांदळाकडे बघितलं, आणि उपकार केल्यासारखे दोन दाणे टिपले. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. मला कल्याणही मिळत होतं आणि आईंना त्यांचं घरही.

आमच्या घरी कोंबडा मारून, पिसं भाजून पुरुष आणून द्यायचे आणि पुढचं साफ करणं, कापणं, रांधणं बायकांचं. आई वड्यांचं पीठ मळायला बसल्या आणि मी मागच्या दोणीवर, म्हणजे पाण्याच्या दगडी कुंडीपाशी, कोंबडा घेऊन. आई आता गुणगुणत होत्या. मला त्यांना माझा शोध सांगितल्याशिवाय राहवेना.

"आई, खरं सांगू? कोंबड्यानं तांदूळ का नाही खाल्ले? तुमच्या आंबवलेल्या धान्याची सवय. सुकं त्याला चालतंच कुठे?"

"खुळी काय गो तू?" आई म्हणाल्या. "धा वर्सा मी ह्याच धान्य घालतंय. दर वर्साचो कोंबो ह्याच खावन वाडलेलो. कधी अडाक नाय. म्हणान तर उपाशी ठेवतत तेका. सांजेपासून पोटात काय नाय, तर फातरय टिपात."

मी विचारात पडले. भुकेला कोंबडा दगडही टिपेल, ते खरं होतं. भुकेला कोंडा, निजेला धोंडा. मग हा का अडला?

हात आपोआप पुढचं काम करत होते. गळ्याखाली धान्याची पिशवी असते, रात्रभर उपाशी कोंबड्याची ती रिकामी, चिपाड असायला हवी. माझ्या बोटांना ती लागली ती टम्म. मी सुरीचं टोक लावलं आणि आतून दोणीच्या दगडावर धान्याचा ढीग सांडला. कणी, नाचणी, पोचट भात.

आता मला सगळा उलगडा झाला! मी अशी हसले की हातातली सुरी खाली पडली. काय बाई ही! तोंडातून शब्द काढत नाही, आणि सकाळी गुपचूप कोंबड्याला पोटभर चारून, अख्ख्या पुरुषमंडळाला देवासमोर उभं करते. मला आईंचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू! मी ते धान्य ओंजळीत घेऊन आत गेले.

"आई, तुम्ही तर सगळ्यांच्या वरताण निघालात."

"काय झाला?"

"कोंबड्याला सकाळी कोणी जेवू घातलं?" मी ओंजळ त्यांच्यापुढे धरली.

आईंनी बघितलं. पिठाचे हात तसेच वर धरून जवळ आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधत होते मी, पण तिथं नुसतं आश्चर्य होतं. त्यांनी हात धुतला, दोन दाणे उचलले, बोटांत दाबले, नाकाशी नेले.

"ह्या मी घालूक नाय," त्या म्हणाल्या.

"आई, माझ्याशी तरी..."

"वास घे. आंबाक नाय ह्या. दाबून बघ, कठीण आसा. ह्या काल सांजेक भिजत घातलेला." त्या पडवीत गेल्या. मी मागे. दाराजवळच्या, पहिल्या मडक्यावरचं फडकं तिरपं पडलं होतं आणि आतल्या धान्यात ओंजळभर खळगा पडला होता. चुलीशेजारच्या तयार मडक्यातलं सकाळी इतर कोंबड्यांना घातलं ते आईंनीच. "तयार झालेला मडका आसताना मी पयल्यातला कशाक काढीन? कच्चा आसा ता. माज्या हातान असा होवचा नाय."

ते मलाही पटलं. त्या हातांनी तशी चूक झोपेतही झाली नसती. मी केली नव्हती. मनोहरला तर सगळ्यांना न्यायचंच होतं, शिवाय तो सूर्य वर येईपर्यंत घोरत होता. दाराजवळच्या मडक्यात हात घालणारा माणूस असाच, ज्याला तीन मडक्यांतला फरक ठाऊक नाही, आणि जो कधी त्या दाराच्या आत आलेलाच नाही.

आम्ही दोघींनी एकदमच खळ्याकडे बघितलं.

आबा एकटेच बसले होते, सुजलेला पाय पुढे पसरून, अडकित्त्यानं सुपारी कातरत. मनोहर भिवाला पोचवायला गेला होता. आई पदराला हात पुसत बाहेर गेल्या. मी दाराच्या आड थांबले. नाक खुपसायचं नव्हतं, पण कान माझे मी कुठे ठेवणार?

"सकाळी कोंब्याक तुमी घातल्यात?"

अडकित्ता चालूच राहिला. "उपाशी होतो. ओरडा होतो."

"राखणीचो कोंबो उपाशीच ठेवतत."

"ठाऊक आसा माका."

"मगे?"

अडकित्ता थांबला. आबांनी वर बघितलं नाही. गावभर ज्यांचा आवाज ऐकू जायचा, ते आबा असे हळू बोलायला लागले की मला दाराच्या फटीला कान लावावा लागला.

"मनोहराक मी शबूद दिलंय. तो मागे घेवक माका येना नाय. आणि तुका जावचा नाय, ह्या माका दिसा होता. त्या दिवसापासून दिसा होता."

"दिसा होता तर इचारूचा होता माका."

"काय म्हणान इचारू?" आबा म्हणाले. "लगीन झाल्यापासून मी कधी काय इचारलंय तुका? आता ह्या वयात एकदम कसा इचारू? दोन राती जागो होतंय. तोंडात येय, बाहेर पडा नाय. माका इचारूक येनाच नाय गो. भिवाक येता. म्हणान म्हटला, कोंबो अडलो तर भिवो इचारीत."

आई तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्या पाठीकडून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. मला वाटलं, आता त्या रागावतील. देवाच्या कामात अशी लबाडी केली म्हणून निदान दोन शब्द सुनावतील. त्या सुनावणाऱ्यांतल्या नव्हत्या, पण आज सकाळीच त्यांना आवाज फुटला होता.

"मगे आता इचारा," त्या म्हणाल्या.

"आता काय इचारू? झाला मा सगळा."

"कायव इचारा. पण तुमी इचारा."

आबा गोंधळले. त्यांनी अडकित्ता मिटला, उघडला, बाजूला ठेवला. एकदा कुंपणाकडे बघितलं, जणू तिथून भिवा धावून येणार होता. मग हातातली सुपारीही खाली ठेवली आणि पहिल्यांदाच मान वर करून आईंकडे बघितलं.

"सकाळधरून," ते म्हणाले आणि थांबले. पुन्हा घसा खाकरला. "सकाळधरून तू काय खाल्लंस काय गो?"

आईंनी पदर तोंडाला लावला. त्या रडत होत्या, मला ते त्यांच्या खांद्यांवरून कळलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "अजून नाय."